दोन डाव्या बाह्या

काजू माझ्या गरम पाण्याच्या पिशवीवर बसली आणि मी सात आठवडे जपलेलं गुपित फुटलं. पिशवीही फुटली.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मला दुपारी आठवत नाही, पण त्या दिवशीची काजूची किंकाळी अजून कानात आहे. उकळत्या किटलीची शिटी वाजते ना, तशी. फक्त दुप्पट लांब.

काजू म्हणजे माझी धाकटी नणंद. हे काही तिचं खरं नाव नव्हे. आम्ही दोघी एकाच शिवणकारखान्यात होतो. मी कापड बेतायची, ती काजं करायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोटांना, जाकिटांना, शर्टांना नुसती काजं, म्हणून काजू. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा गेला, तेव्हा ती आठ दिवस सोबतीला म्हणून आली आणि एकोणीस वर्षं राहिली. "आठ दिवस झाले की निघते हं मी," असं मधूनमधून म्हणायची. मी म्हणायची, "झाले की सांग."

त्या वर्षाच्या सुरुवातीला मला कपड्यांवर रक्ताचा डाग दिसला. पाळी बंद होऊन सोळा वर्षं झालेली. मी तो गार पाण्याने धुतला आणि गप्प बसले. आमच्या धंद्यात डागाचं एवढंच करतात. दुसरा डाग काजूने पाहिला. तिने मला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. आतला तुकडा काढून तपासला आणि गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, अगदी पहिल्या पायरीवर सापडलाय. पिशवी काढू. मग बहुधा काही लागणार नाही." पिशवी काढली. खरंच पुढे काही लागलं नाही. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवून जा, एवढंच.

टाके सुकले. मी जिना चढायला लागले. आणि एके सकाळी काजूने चहाच्या कपात बघत बघत मला सांगितलं की बटणवाल्यांनी तिला मागणी घातली आहे.

बटणवाले म्हणजे बटणांच्या दुकानाचे मालक. विधुर. वय एकाहत्तर, डोक्यावर केस अकरा. कारखान्याची बटणं त्यांच्याकडून यायची आणि प्रत्येक पुडीत एक बटण जास्त निघायचं. तीस वर्षं आम्हाला वाटत होतं की बिचाऱ्याला मोजता येत नाही. जादाची बटणं काजू एका बरणीत टाकायची. आता कळलं की तो माणूस तीस वर्षं एकेक बटण देऊन प्रेम करत होता.

"तीस वर्षं?" मी म्हटलं. "काजू, या वेगाने तुमचं बोलणं व्हायचं कधी?"

"झालंय बोलणं. महिनाअखेर नोंदणी करायची ठरलीय." ती सासष्ट वर्षांची बाई कानापर्यंत लाल झाली होती. "पण तू बरी असशील तरच. नाहीतर मी हलत नाही इथून. त्यांना तसं सांगितलंय मी."

बटणवाल्यांचं घर दुकानाच्या वरच, आमच्याकडून बसने पाऊण तासावर. मी म्हटलं, "मी ठणठणीत आहे. कोटाचं काय? लग्नात घालणार काय तू?"

पेटीत माझं एक कापड होतं. गडद हिरवं, लोकरी. मी कारखाना सोडला तेव्हा मास्तरांनी दिलेलं. मास्तर म्हणजे आमचे मुख्य शिंपी, ज्यांनी अठराव्या वर्षी माझ्या हातात कात्री दिली. देताना म्हणाले होते, "हे साध्या दिवसासाठी कापू नकोस." तसा दिवस आला नव्हता. आता आला होता. मी काजूची मापं घेतली, त्यांवरून पाठ-बाह्यांच्या बेताचे कागद कापले, कापड टेबलावर पसरून खडूने रेघा मारल्या. कात्री हातात घेतली, वाकले आणि ओटीपोटात अशी कळ आली की टेबलाची कडा धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग नुसतं बसलं तरी ठणका. शिंकलं की कळ. हसलं तर विचारूच नका, आणि काजूबरोबर राहून न हसणं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहणं.

काय ते मला लगेच कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. तो परत आला होता. डॉक्टरांना सांगितलं तर ते नाव घेणार. नाव घेतलं की काजूला कळणार. काजूला कळलं की ती बटणवाल्यांना नाही म्हणणार. तेव्हा महिनाअखेरपर्यंत तोंड शिवून घ्यायचं, तिला त्या घरी पोचवायचं आणि मग काय ते बघायचं. मी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, ती माझ्या खुर्चीच्या उशीखाली लपवली आणि दिवसभर तिच्यावर कोंबडीसारखी बसून राहू लागले. कोट काही कापला जाईना. काजू येता-जाता टेबलाकडे बघायची, रेघा मारलेल्या त्या हिरव्या कापडाकडे.

मी नोंदणीचा दिवसही एकदा पुढे ढकलायला लावला. कापडाला अस्तर मिळत नाही म्हणाले. अस्तर कपाटात होतं.

तर त्या दिवशी दाराची घंटा वाजली म्हणून मी उठून दार उघडलं आणि तेवढ्यात काजू चप्पल घालायला माझ्या खुर्चीत बसली.

किंकाळी. मग 'फट्'. मग काजू उभी, मागून पाणी गळतंय, आणि दारात पोस्टमन पत्र हातात धरून स्तब्ध. त्याने पत्र पायपुसण्यावर ठेवलं आणि उलट्या पावलांनी गेला. तो पुढे कधी घंटा वाजवायचा नाही. लांबूनच पत्र टाकायचा.

"भाजलं का गं?"

"कोमट होतं. पण मला आधी कुठे माहीत!" काजूने उशी उचलली. फुटकं रबर दोन बोटांत धरून वर केलं. माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, एक पिशवी काढून आलीस ती दुसरी लावून बसलीस?"

मला हसू आलं. आवरेना. आणि हसता हसता ती कळ आली, मी भिंत धरून वाकले, आणि काजूचं हसणं मध्येच थांबलं.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. किती दिवस दुखतंय?"

"सात आठवडे."

ती ओल्या कपड्यांनीच समोर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला ते पसंत नाहीत."

"कोण, बटणवाले? अगं, लोण्याचा गोळा आहे तो माणूस."

"मग कोट का कापत नव्हतीस? रोज बघायची मी. म्हटलं, हिला मी जायला नकोय. म्हटलं, राहू दे, नाही सांगून टाकू." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खालून तर गळतच होतं. "वरून खालून गळतेय मी," ती म्हणाली, आणि पुन्हा आम्ही दोघी सुटलो. मी पोट धरून, ती माझा हात धरून. "हसू नकोस ना गं!" "तू हसवू नकोस!" "मी कुठे हसवतेय, मी रडतेय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरबाईंच्या समोर होतो.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण रागावल्या मास्तरांसारख्या. "सात आठवडे? आजी, दुखलं की सांगायचं, हे मी तुम्हाला कागदावर लिहून दिलं होतं."

"तो कागद हिच्या कोटाच्या बाहीला वापरला," मी म्हटलं. खरं होतं ते. कागद चांगला जाड होता.

त्यांनी तपासलं. आतून, बाहेरून. मग त्या पोकळ यंत्रात आडवं घालून फोटो काढले. "हाताला काही लागत नाहीये," त्या म्हणाल्या, "पण फोटोंचा अहवाल येईपर्यंत मी काही बोलणार नाही. तीन दिवस."

तीन दिवस! मी बहात्तर वर्षं जगले होते, पण त्या तीन दिवसांइतकं लांब काही पाहिलं नव्हतं. पोटात गोळा येतो म्हणतात. मला वाटायचं, हाच तो गोळा, तोच वाढतोय. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून स्वयंपाकघरात. काजूने पहिल्या तासातच ओळखलं. तिने एक पांढरं फडकं, सुई आणि रेशमी दोऱ्याची लडी माझ्यासमोर आदळली.

"मनात वाईट आलं की एक काज करायचं."

"मला काजं येत नाहीत."

"म्हणूनच. येत असती तर हाताने काज आणि डोक्याने कॅन्सर, दोन्ही चाललं असतं."

चाळीस वर्षं मी काजं करणाऱ्या बायकांकडे ढुंकून बघत नव्हते. बेतणाऱ्याचा तोरा असतो. आता कळलं काय काम असतं ते. पहिलं काज मिटलेल्या डोळ्यासारखं झालं. दुसरं उघड्या तोंडासारखं. काजू जवळ बसून टीका करायची: "हे काज आहे की उंदराने कुरतडलंय? यातून बटण नाही, बटणवाले जातील आख्खे." मी टाके मोजायची, सुई बोटात घुसायची, शिवी तोंडात यायची, आणि तेवढा वेळ भीती दारात ताटकळत उभी राहायची. आत यायची, नाही असं नाही. मग आणखी एक काज. तिसऱ्या दिवशी सकाळी फडक्यावर त्रेचाळीस काजं होती आणि फडकं जाळीसारखं दिसत होतं.

अहवाल घेऊन डॉक्टरबाई आल्या त्या आधी हसल्या, मग बसल्या. या क्रमासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन.

"काही नाही. परत आलेलं नाही. सगळं स्वच्छ आहे."

जीव भांड्यात पडला. काजूने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

"मग दुखतंय ते?" मी विचारलं. "मी सोंग नाही करत."

"दुखणं खरं आहे. म्हणून तर तुम्हाला पुढच्या खोलीत पाठवतेय."

पुढच्या खोलीत व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. मोठे हात, पांढरे बूट, आवाज मऊ. तिने मला आडवं केलं, पोटावर हात ठेवला, दिवसभर काय करता विचारलं. मी म्हटलं, काही नाही, एक कोट कापायचाय. ती म्हणाली, "कसा कापता? उभं राहून दाखवा बघू."

मी तपासणीच्या टेबलापाशी उभी राहिले. टेबलाच्या कडेला मांड्या टेकवल्या, पोट आत घेतलं, हवेत कात्री धरली आणि चादरीवरून चालवायला लागले. अंगात ते मुरलेलंच होतं. मास्तरांचा कायदा होता: कात्री चालते तेव्हा जग थांबतं. ते "काऽऽप!" म्हणून ओरडायचे आणि वीसच्या वीस मशिनी गप्प व्हायच्या. बेतणाऱ्याने श्वास कोंडायचा, पोट पाठीला लावायचं आणि कात्री शेवटाला पोचेपर्यंत सोडायचं नाही. श्वास घेतला की हात हलतो, हात हलला की कापड गेलं. कोणी शिंकलं तर त्याला दिवसभर बटणं निवडायला बसवायचे.

"आजी," ती मुलगी म्हणाली, "श्वास?"

"कात्री चालताना श्वास घेतात होय?"

"आणि आता? आता तर कात्री नाहीये हातात."

मी पाहिलं तर माझं पोट अजून आतच होतं. दात आवळलेले. खालीही सगळं आवळलेलं.

"तुम्ही कधीपासून असं धरून ठेवलंय?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी काजू कोपऱ्यातून म्हणाली, "पहिल्या डागापासून."

ते ऐकल्यावर मला एकदम दिसलं. डाग धुताना श्वास कोंडला होता तो सोडायचं राहूनच गेलं होतं. तुकडा काढला तेव्हा, पिशवी काढली तेव्हा, घरी आल्यावर. माझ्या मनात कोणीतरी "काऽऽप!" म्हणालं होतं आणि "झालं" कोणी म्हटलंच नव्हतं. ती मुलगी सांगत होती, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, भीतीने ती मुठीसारखी आवळते, महिनोन्‌महिने आवळलेली मूठ दुखणारच, त्यात ऑपरेशन झालेलं. सोडायला शिकावं लागेल. हळूहळू. रोज पाठीवर पडून पोट फुगवून श्वास घ्यायचा आणि खाली सगळं सैल सोडायचं.

"आणि कात्री?"

"कात्री श्वास सोडत चालवा."

"मास्तर वर उठून बसतील."

"त्यांनाही सांगा, श्वास सोडा म्हणून."

दुखणं एका दिवसात गेलं नाही, हेही सांगते. रोज सकाळी मी जमिनीवर उताणी आणि काजू उशाशी बसून, "फुगव. सोड. अगं सोड ना, कोण घेऊन जातंय का तुझं?" पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा शिंक आली आणि कळ आली नाही. मी मुद्दाम मिरपूड हुंगून पुन्हा शिंकून पाहिलं.

नोंदणीला चार दिवस उरले तेव्हा मी टेबलापाशी उभी राहिले. काजूला म्हटलं, "तू समोर बस आणि काहीही बोल. गप्प झालीस की मी श्वास कोंडणार."

मोठी चूक. काजूने बटणवाल्यांच्या मागणीची हकिगत सुरू केली. त्यांनी गुडघ्यावर बसून विचारलं होतं. विचारून झालं, पण उठता येईना. हिने हात दिला तर हीसुद्धा खाली. दोघं दुकानात काउंटरच्या मागे जमिनीवर, आणि वर गिऱ्हाईक हाक मारतंय, "अहो, आहे का कोणी?" बटणवाले जमिनीवरून म्हणाले, "आहे, पण जरा वेळ लागेल."

मी श्वास सोडत, हसत, डोळे पुसत कापत होते. पाठ, पुढचे दोन पल्ले, कॉलर. कात्री त्या हिरव्या कापडातून लोण्यातून जावी तशी. दुखत नव्हतं. म्हणजे, थोडं. पण खूप हसून कुणाचंही दुखावं तसं. मग बाह्यांच्या पुसट झालेल्या रेघा पुन्हा मारल्या आणि एक बाही कापली. मग दुसरी.

काजूने दोन्ही बाह्या उचलल्या आणि एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मग डाव्या हातावर एक धरली. मग उजव्या हातावर दुसरी. मग तीही डाव्यावर.

"वहिनी, लग्नाला मी डाव्या अंगाने जायचंय का?"

कापड अपुरं म्हणून मी घडी न घालता एकेरी बेतलं होतं. अशा वेळी दुसऱ्या बाहीला कागद पालथा करावा लागतो. पहिल्या आठवड्यातली शिकाऊ मुलगी करते ती चूक. कारखान्यात कुणी असं केलं की मास्तर त्या दोन डाव्या बाह्या टेबलावरच्या खिळ्याला आठवडाभर टांगायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघाव्यात म्हणून. चाळीस वर्षांत माझी बाही त्या खिळ्याला लागली नव्हती.

आणि कापड संपलं होतं. उरल्या त्या चिंध्या.

मी खुर्चीत बसले. एका क्षणात पोट आत गेलं, श्वास बंद.

"सोड," काजू म्हणाली.

"मास्तरांचं कापड, काजू."

"सोड म्हणते ना. आधी सोड, मग रड."

मी सोडला. मग रडायला गेले तर हसूच यायला लागलं, कारण ही बाई खुर्चीवर चढून भिंतीवर खिळा शोधत होती. "कुठे टांगू? घड्याळ काढू का?" तिने घड्याळ काढून दोन्ही बाह्या खरंच तिथे टांगल्या. तिरीप पडली होती त्यांच्यावर. एकीची घडी उलटली होती. मी बघत राहिले आणि उठले.

लोकरीचं कापड ते. सुलट बाजू जरा चमकणारी, उलट बाजू जरा मवाळ. बाकी वीण दोन्हीकडे सारखीच. डावी बाही उलटी केली की उजवी होते.

"एक बाही उलट्या बाजूने लावते," मी म्हटलं. "उजेडात थोडा फरक दिसेल."

"कोणाला दिसणारे?"

नोंदणी कार्यालयात गुळगुळीत बाकं होती आणि भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं होतं. काजूच्या कोटाला पुढे सात बटणं, सगळी बरणीतली, एकही दुसऱ्यासारखं नाही. काजं तिची स्वतःची. फक्त सगळ्यात खालचं काज माझं. तिनेच करायला लावलं. त्यातून बटण आत जायचं, पण बाहेर यायला तयार व्हायचं नाही.

बटणवाल्यांनी काजूकडे पाहिलं. बटणं ओळखली; डोळे भरून आले. मग त्यांची नजर उजव्या बाहीवर गेली, डाव्या बाहीवर गेली, परत उजव्या बाहीवर. जन्म कापडाच्या धंद्यात गेलेला माणूस. मी श्वास कोंडला. कोंडला हे लक्षात येऊन सोडला.

ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, एक बाही उलटी आहे."

"आहे. हसता हसता कापला कोट."

"असं?" त्यांनी बाहीवरून हात फिरवला. "मग ती तशीच राहू दे. मऊ आहे ती बाजू. चालताना मी हिच्या उजवीकडे असतो."

मी कार्यालयात एवढ्या मोठ्याने हसले की टेबलामागच्या साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी पाटीकडे बघितलं आणि खालपर्यंत कुठे दुखतंय का ते तपासलं. नव्हतं दुखत.

पुढची पाच वर्षं दर तपासणीआधी ती भीती यायचीच. फडक्यावर आता चारशे अकरा काजं आहेत. शेवटची शंभरेक बरी जमलीत, असं काजू म्हणते. ती दर गुरुवारी येते, कोट घालून. आठ दिवस झाले, म्हणते, म्हणून आले.